सात वाजताचं हँडओव्हर

जोव्हेलिन,
इथे आंतिकेत सकाळचे सात,
तुझ्या ओउलूत रात्रीचा एक.
मॅट्रनबाईंनी ड्यूटीच्या तक्त्यावरून
तुझं नाव अजून खोडलेलं नाही.
नवा तक्ता छापायला कागद नाही, म्हणतात.
खरं काय ते त्यांनाच ठाऊक.
तर दर महिन्याला तू असतेस
माझ्या खालच्याच ओळीत,
आणि येत नाहीस.

घे, हँडओव्हर देते.

खाट चार. डेंग्यू. दोन पोरं, एक उशी,
एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं.
प्लेटलेट चढताहेत.
धाकट्याला सलाइनची रिकामी बाटली हवीय,
होडी करायची म्हणतो.
बाटली संपेपर्यंत तिच्याकडेच बघत पडलेला असतो.

खाट नऊ. म्हातारा क्रिसांतो.
व्हेंटिलेटर इलोइलोला, आणि इलोइलो घाटापलीकडे.
रबरी फुगा मुलाच्या हातात दिला.
जाळी ओढणारे हात, जोर फार.
मी म्हटलं, मासा नाही रे, बाप आहे.
दाब. सोड. छाती खाली बसू दे. दाब.
पहाटे चारला बघते तर
त्याच्या स्वतःच्या श्वासालाही तोच ताल लागलेला.

खाट अकरा तुझी आई.
घाबरू नकोस. ताप उतरलाय.
तू पाठवलेल्या पैशांनी इंजेक्शन आलं,
शिरेत मी घातलं.
दोघींचा मिळून एक डोस.
काल विचारत होती,
तिकडे म्हाताऱ्यांना पुसायचे किती देतात?
मी आकडा सांगितला.
बराच वेळ छताकडे बघून म्हणाली, मग तूही जा.
म्हटलं, आणि ही सुई कोण काढणार?
म्हणाली, तेही खरं.

तुझी चिठ्ठी वाचली. फोनवरच,
औषधांच्या कपाटामागे उभी राहून.
चार वर्षं शिकलेल्या हातांना
तिथे सुई धरायची परवानगी नाही
भाषेचा पेपर सुटेपर्यंत.
नर्स नाही, मदतनीस म्हणतात तुला,
आणि तू ओट्सची पेज भरवतेस,
पेज थंड, बाहेर त्याहून थंड.
दुखणं या शब्दाला तिकडे किपू म्हणतात, लिहिलंस.
कबुतराला हाक मारल्यासारखा वाटला मला.

आणि ती तुझी आऊने, एक्क्याण्णव वर्षांची,
जिला आता फिनिश आठवत नाही,
फक्त सीमेपलीकडे राहिलेल्या गावची बोली येते,
जी तिच्या सुनेला येत नाही, डॉक्टरला येत नाही.
तू लिहिलंस, त्या दिवशी
वॉर्डात पहिल्यांदा सगळेच परदेशी झाले.
कूस बदलताना ती चावते, म्हणालीस.
विचारलंस, शब्दांवाचून कसं सांगू?

अगं, हात आधी स्वतःच्या पोटावर ऊन कर.
मग तिच्या खांद्याखाली सरकव, आणि थांब.
ती तुझ्याकडे झुकेपर्यंत थांब.
आपल्याला शिकवलं होतं हे,
तू मागच्या बाकावर झोपली होतीस.
मला मात्र थांबता येत नाही.
त्रेपन्न खाटा आहेत, आणि माणसं बासष्ट.
थांबणं हे तुझ्या देशाचं औषध,
माझ्या कपाटात येत नाही.
रागावून नाही लिहीत.
थोडी रागावून लिहितेय.

सात वीस झाले.
दिवसपाळीची पोरगी आली नाही.
एजन्सीत मुलाखत होती म्हणे, जर्मनीची.
रजिस्टरात दोन रकाने,
देणारी, घेणारी.
पहिल्यात माझी सही.
दुसऱ्यात तुझी करते,
कॉलेजात हजेरीला करायचे तशीच.
तुझ्या जेचं शेपूट
मला अजूनही जमत नाही.

बाटलीवाला हाक मारतोय.
खाट एकपासून पुन्हा सुरुवात करते.
तू झोप आता.